शील्ड गेली, कप आला

अंधेरी (पश्चिम)
रविवार, १९ मे २०२४

प्रिय शैला,

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला. "एप्रिलमध्ये हरलो हरलो म्हणून तोंड पाडून बसली होतीस आणि आता पेढ्यांचे फोटो पाठवतेस, तुमची मुंबई जिंकली की हरली, एक काय ते सांग" असं विचारलंयस. बाई गं, दोन्ही झालं. फोनवर सांगायला बसले तर तुझी ट्राम येणार, माझं दूध उतू जाणार, म्हणून सरळ लिहितेच. उद्या इथे मतदान आहे, त्यामुळे सुट्टी लागून आली आहे. उकाडा असा आहे की कागद मनगटाला चिकटतोय. गेल्या सोमवारच्या वादळाचं तू विचारलं होतंस. घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून माणसं गेली, ते फारच भयंकर. आमच्याकडे मात्र खिडकीची एक काच आणि गॅलरीतल्या कुंड्या, एवढ्यावर निभावलं.

तर फुटबॉल. तुला समजावणं सोपं आहे, कारण हा दुहेरी कारभार तुमच्या ऑस्ट्रेलियातही आहेच. वर्षभर साखळी खेळायची, जास्तीत जास्त गुण मिळवणाऱ्याच्या हातात एक ट्रॉफी द्यायची आणि मग पहिल्या सहाजणांना पुन्हा बाद फेरीत झुंजवून भलत्यालाच विजेता म्हणून मिरवायचं. गेल्या वर्षी तुमची मेलबर्न सिटी साखळीत पहिली आली आणि अंतिम सामन्यात सेंट्रल कोस्ट मरिनर्सने तिला ६-१ धुतलं, तेव्हा तू माझा फोनसुद्धा उचलत नव्हतीस. आमच्याकडे साखळीच्या ट्रॉफीला शील्ड म्हणतात, बाद फेरीच्या ट्रॉफीला कप. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली तेव्हा नुसता कपच होता. शील्ड आली २०१९-२० पासून आणि पहिली नेली गोव्याने. गेल्या मोसमात मुंबई सिटीने सलग अठरा सामने न हरता शील्ड मारली आणि उपांत्य फेरीत बंगळुरूकडून पेनल्टी शूटआउटमध्ये ९-८ अशी गेली. यंदा बरोबर उलटं झालं.

माझं मत आधीच सांगून टाकते. मला शील्डच मोठी वाटते. बावीस सामने, सप्टेंबरच्या चिखलापासून एप्रिलच्या काहिलीपर्यंत, आज गुवाहाटी, उद्या कोची, परवा जमशेदपूर. त्यात जो वर राहिला तो चांगला, याला दुसरा पुरावा कशाला हवा? आशियाई स्पर्धेत जायचा मानही शील्डवाल्यालाच मिळतो. कप म्हणजे दोन आठवड्यांची गंमत. पण हे मत आमच्या इमारतीत मी एकटीच बाळगून आहे. गेल्या वर्षी शील्ड जिंकली तेव्हा लिफ्टमध्ये जोशीकाकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "छान, छान, फायनल कधी आहे?" यंदा कप आला तेव्हा तेच काका खाली उतरून पेढे वाटत होते. फोटोतले पेढे त्यांचेच.

यंदाचा लीगचा मोसम दहावा. बारा संघ होते. पंजाब एफसी हा नवा भिडू आय-लीग जिंकून वर आला. खालच्या पायरीवरून मैदानावरच्या कामगिरीच्या जोरावर वर आलेला तो पहिलाच क्लब. इतकी वर्षं इथे पैसे भरून आत यायची रीत होती, त्यामुळे मला पंजाबचं फार कौतुक वाटलं. खाली जाण्याची भीती मात्र अजून कुणाला नाही. ती असती तर हैदराबादचं काय झालं असतं बघ. दोन वर्षांपूर्वीचा कपविजेता संघ. यंदा खेळाडूंचे पगार थकलेले, नवे खेळाडू घ्यायला बंदी, परदेशी खेळाडू एकेक करून निघून गेलेले. अख्ख्या मोसमात एक विजय आणि आठ गुण. तुला आठवत असेल, हा मुळात आपला पुण्याचा क्लब. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. बालेवाडीला मुंबई-पुणे सामना व्हायचा तेव्हा इथून एक्सप्रेस वेवरून पोरं बसने जायची. आता महाराष्ट्रातून लीगमध्ये मुंबई एकटीच, म्हणजे तिकडे चिडवायलाही कुणी उरलं नाही.

आता आपलं मैदान. अंधेरी क्रीडा संकुल, पाटीवर शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. तू गेलीस तेव्हा आपल्या लेखी ते पोहायच्या तलावाचं ठिकाण होतं. त्याआधी मायकल जॅक्सनचं. नोव्हेंबर १९९६, आपण दोघी गच्चीत उभ्या राहून तो कार्यक्रम फुकट ऐकत होतो आणि तुझी आई खालून ओरडत होती. मुंबई सिटी पहिले दोन मोसम नेरुळला डी. वाय. पाटीलवर खेळली आणि २०१६ मध्ये इथे आली. त्या वर्षी संघात उरुग्वेचा दिएगो फोर्लान होता, २०१० च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू. तो वीरा देसाई रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असायचा, याचंच आम्हाला केवढं अप्रूप! आमची लेक ईशा तेव्हा शाळेत होती. तिच्या हट्टाने मी पहिल्यांदा गेले आणि मग तिच्याशिवायही जायला लागले.

मैदान सहा-सात हजारांचं. कोलकात्याचं साठ हजारांचं सॉल्ट लेक बघितलं की हे एखाद्या कॉलेजचं वाटावं. पण मला ते असंच आवडतं. तुम्ही आमी पार्कला कुठे बसता ते मला माहीत नाही, इथे मात्र पुढच्या रांगेत बसलं तर गोलरक्षक बचावपटूंना काय ओरडतोय ते शब्दन्‌शब्द ऐकू येतं. आमचा फुर्बा लाचेन्पा सिक्कीमचा. बचावात त्याच्यासमोर तिरी हा स्पॅनिश, मेहताब सिंग पंजाबचा आणि राहुल भेके मुंबईचा. लाचेन्पाने "मॅन ऑन, मॅन ऑन" म्हटलं की तिघेही एकदम मान वळवतात. वेस्ट कोस्ट ब्रिगेडची पोरं नव्वद मिनिटं ढोल बडवतात, बसत म्हणून नाहीत. नाणी आत नेता येत नाहीत, म्हणून मी घरून निघतानाच सुट्टे पैसे वाटीत काढून ठेवते. परतताना आझाद नगर मेट्रोच्या फलाटावर निम्मे लोक निळ्या जर्सीत, निम्मे ऑफिसची बॅग छातीशी धरून पेंगणारे, आणि दुसऱ्या निम्म्यांना पहिल्या निम्म्यांचं काय चाललंय याचा पत्ता नसतो.

पूर्वेकडून येणाऱ्यांचे यंदाही हालच होते. गोखले पूल नोव्हेंबर २०२२ पासून बंद. त्याची एक बाजू या फेब्रुवारीत उघडली, तर शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तिची उंचीच जुळेना! दोन पूल एकमेकांशेजारी उभे आणि मध्ये पायरी. यावर इतके विनोद झाले की आता हसूही येत नाही. मरोळहून येणारी आमची मैत्रीण सामना साडेसातचा असला तर साडेपाचला घर सोडायची.

मोसमाची सुरुवात आमच्यासाठी दोन आघाड्यांवर होती. शील्डवाले म्हणून आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये शिरलो होतो. गटात इराणचा नसाजी, उझबेकिस्तानचा नवबहोर आणि सौदीचा अल हिलाल. अंधेरीचं मैदान आशियाई नियमांत बसत नाही, म्हणून घरचे सामने पुण्याला बालेवाडीत. अल हिलालने नेमारला घेतलं आणि मुंबईत एकच वेड लागलं. नेमार भारतात खेळणार! तो सामना मोठ्या मैदानासाठी नेरुळला हलवला. आणि मग ऑक्टोबरात नेमारचा गुडघा ब्राझीलकडून खेळताना गेला. तिकिटं काढलेल्यांनी कपाळावर हात मारला, पण गेले सगळे. मीही गेले. नेमार नसला तरी मित्रोविच होता, कुलिबाली होता, मोरोक्कोचा गोलरक्षक बोनो होता. आम्ही ०-२ हरलो आणि मला त्याची लाज वाटली नाही, कारण दोनच आठवड्यांपूर्वी रियाधमध्ये सहा गोल खाल्ले होते. गटातले सहाच्या सहा सामने हरलो. पैशाचं अंतर डोळ्यांनी बघायचं असेल तर असा एक सामना बघावा. त्यांचा राखीव खेळाडू तळव्याने चेंडू थांबवतो त्या एका सेकंदात कळतं.

हे चालू असतानाच प्रशिक्षक गेला. डेस बकिंगहॅम. तो तुमच्या मेलबर्न सिटीतूनच आमच्याकडे आला होता, तिथे दुय्यम प्रशिक्षक होता. अठरा सामने न हरण्याचा पराक्रम त्याचाच. नोव्हेंबरात त्याच्या जन्मगावचा क्लब, ऑक्सफर्ड युनायटेड, त्याला बोलवायला आला. लीग ऐन रंगात असताना गेला म्हणून ईशा त्याच्यावर फार चिडली. मी नाही चिडले. गावाने हाक मारली की माणूस जातो. आणि डिसेंबरात त्याच्या जागी आणला कोण? पेत्र क्रात्की, चेक माणूस, तोही मेलबर्न सिटीचा दुय्यम प्रशिक्षक! मालक एकच असले की असं होतं. आमच्या क्लबचे पासष्ट टक्के २०१९ पासून मँचेस्टर सिटीवाल्या कंपनीकडे आहेत, तुमचाही क्लब त्यांचाच. बदल्या आता बँकेतल्यासारख्या होतात, मेलबर्न शाखेतून अंधेरी शाखेत.

क्रात्की आला आणि थोड्याच दिवसांत, २० डिसेंबरला, मोहन बागान अंधेरीत. शैला, असा सामना मी जन्मात पाहिलेला नाही. आकाश मिश्राला सुरुवातीलाच लाल कार्ड, म्हणजे आपण दहा. मोहन बागानच्या जेसन कमिंग्जने गोल केला. हा तुमचाच हं, ऑस्ट्रेलियाकडून विश्वचषक खेळलेला. मग आमच्या ग्रेग स्टुअर्टने बरोबरी केली. मध्यंतरानंतर पंचांचा हात खिशातून बाहेरच. त्यांचा आशिष राय गेला, लिस्टन कोलासो गेला, आमचा स्टुअर्टही गेला. बिपिन सिंगने दुसरा गोल केला, २-१, आणि शेवटची शिटी वाजल्यावरही कार्डं निघतच होती. एकूण सात लाल कार्डं, चार आमची, तीन त्यांची. माझ्या शेजारी बसलेला बंगाली मुलगा, बहुधा पवईला शिकणारा, शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "आंटी, अब हम दोनों उतरते हैं." बाहेर पडताना लोक निकालाऐवजी कार्डंच मोजत होते.

आनंद चारच दिवस टिकला. २४ तारखेला कोचीला ०-२. निम्मा संघ निलंबित, दुसरं काय होणार? जानेवारीत स्टुअर्ट स्कॉटलंडला परत गेला. गेल्या वर्षीच्या शील्डचा निम्मा मेंदू तो होता, त्यामुळे मी मनातून मोसम सोडून दिला होता. त्याच महिन्यात कतारला आशिया चषकात भारत तुमच्याकडून ०-२ हरला. त्यावर तू पाठवलेला तो कांगारूचा स्टिकर मी विसरलेले नाही. पहिला अर्धा वेळ कोरा ठेवला होता आम्ही, तेवढं लक्षात ठेव. पुढे मात्र तिन्ही सामने हरलो आणि गोल एकही नाही.

पण क्रात्कीने संघ शांतपणे बांधला. आवाज न करणारा माणूस आहे. स्टुअर्ट गेल्यावर खेळाची सगळी भिस्त भारतीय पोरांवर आली आणि पोरांनी ती पेलली. मिझोरामचा लालियानझुआला छांगटे उजवीकडून असा सुटतो की समोरचा बचावपटू आधी मागे बघतो आणि मग धावतो. त्याचाच गाववाला अपुइया मधल्या फळीत. एकवीस-बावीस वर्षांचा विक्रम प्रताप सिंग पूर्वी शेवटची दहा मिनिटं खेळायला यायचा, यंदा धडाधड गोल करायला लागला. मोसमाचा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू तोच ठरला आणि गोलरक्षकाचा मान लाचेन्पाला. मुंबईचा जयेश राणेही आता आमच्याकडे आहे. राणे आणि भेके ही नावं एका संघाच्या यादीत वाचताना मला काय वाटतं ते तुला सांगायला नको.

मार्चमधली एक भानगड सांगितल्याशिवाय राहवत नाही. जमशेदपूरला सामना १-१ सुटला. घरी आलो, जेवलो, झोपलो. दहा दिवसांनी कळलं की आपण ३-० जिंकलो! झालं होतं असं, की मैदानावर कायम किमान सात भारतीय खेळाडू हवेत असा नियम आहे. जमशेदपूरचा एक खेळाडू लाल कार्डाने गेला, मग बदली करताना त्यांचा हिशेब चुकला आणि काही वेळ सहाच भारतीय उरले. फेडरेशनच्या शिस्तपालन समितीने सामना आम्हाला बहाल केला. आमचे विलासराव म्हणाले, "हे तर सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं झालं, गणसंख्या अपुरी म्हणून ठराव रद्द." एकाचे तीन गुण झाले. मला ते गुण घशाखाली उतरत नव्हते, पण परत द्यायचीही सोय नव्हती.

आणि अशा तऱ्हेने आलो १५ एप्रिलला. साखळीचा शेवटचा सामना, सॉल्ट लेक, समोर मोहन बागान. आमचे ४७ गुण, त्यांचे ४५. आम्हाला बरोबरी पुरेशी. मोहन बागान एटीकेबरोबर एकत्र येऊन लीगमध्ये उतरला २०२० मध्ये, आणि तेव्हापासून लीगमध्ये आम्हाला एकदाही हरवू शकला नव्हता. आठ सामने! एवढी तयारी असली की घात होणारच. साठ हजारांच्या वर माणसं, हिरव्या-मरून रंगाचा नुसता पूर. कोलासोने पहिल्या अर्ध्या तासात गोल केला. कमिंग्जने ८० व्या मिनिटाला दुसरा. छांगटेने ८९ व्या मिनिटाला एक परत केला आणि मग घड्याळच तेवढं पळालं. २-१. मोहन बागान ४८, मुंबई ४७. बावीस सामने खेळून एका गुणाने शील्ड गेली.

त्याच रात्री आयपीएलमध्ये हैदराबादने बंगळुरूविरुद्ध २८७ धावा कुटल्या, विक्रम झाला. इमारतीतल्या प्रत्येक घरातून षटकाराला आरोळी येत होती आणि आमच्या घरात सुतक. तुला जो रडका मेसेज आला तो त्या रात्रीचा.

नऊ दिवसांनी उपांत्य फेरीचा पहिला सामना, मडगावला फातोर्ड्यावर, गोव्याविरुद्ध. गोवा तिसरा आलेला, ४५ गुण, आणि खेळतो देखणा. ब्रँडन फर्नांडिसने दुसरा गोल केला तेव्हा मी म्हटलं, चला, मोसम संपला. ०-२. रिमोटवरून आमच्या घरात एप्रिलभर तह चालू असतो. फुटबॉल संपला की लगेच आयपीएल लावायचं, या अटीवर विलास गप्प बसलेला. ८९ वं मिनिट उलटलं तशी त्याने रिमोटकडे हात नेला. ईशा म्हणाली, "बाबा, नियम म्हणजे नियम, शिटी होऊ दे." नव्वदाव्या मिनिटाला छांगटेने गोल केला. ठीक, अब्रू वाचली. आम्ही अजून नीट बसतोय तोवर विक्रम प्रतापचा गोल, बरोबरी! विलासच्या हातातला रिमोट तसाच अधांतरी. आणि जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. ३-२. सहा-सात मिनिटांत तीन गोल. फातोर्ड्याच्या स्टँडमधले चेहरे कॅमेऱ्याने दाखवले, ते बघवत नव्हते. मला गोवेकरांचं खरंच वाईट वाटलं. फुटबॉलवर आपल्यापेक्षा त्यांचा हक्क जुना, आणि कप त्यांना अजून एकदाही मिळालेला नाही.

गोव्याच्या या दुखण्यात अंधेरीचाही हात आहे. १७ मार्च २०१९, कपाचा अंतिम सामना आपल्याच मैदानावर होता, गोवा विरुद्ध बंगळुरू. कोकण रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाहनाने गोवेकर आले होते. सामना जादा वेळेत गेला आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर एकाने डोक्याने चेंडू आत घातला. बंगळुरू विजयी. गोल करणारा कोण? राहुल भेके! मुंबईचा मुलगा, मुंबईच्या मैदानावर, मुंबईत, पण बंगळुरूच्या जर्सीत. ईशा तेव्हा म्हणाली होती की हा आपल्याकडे का नाही. दोन वर्षांनी आला. यंदा मोसम संपताना तोच कर्णधार होता.

दुसरा उपांत्य सामना २९ एप्रिलला अंधेरीत. तिकिटं मिळणं मुश्कील, पण ईशाने कुठूनशी जमवली. गोवा बराच वेळ बरोबरीने लढला. ६९ व्या मिनिटाला डियाझ, ८३ व्या मिनिटाला छांगटे, २-० आणि एकूण ५-२. अर्जेंटिनाचा हा पेरेरा डियाझ म्हणजे भांडकुदळ माणूस, दहा मिनिटं पंचांशी वाद आणि अकराव्या मिनिटाला गोल. मला असे आवडतात.

आणि ४ मे. पुन्हा सॉल्ट लेक, पुन्हा मोहन बागान, पुन्हा साठ हजारांच्या वर प्रेक्षक. साखळीत वरचढ तो यजमान, म्हणून सामना त्यांच्याच घरी. ड्युरँड कप त्यांच्याकडे, शील्ड त्यांच्याकडे, आता कप घेतला की तिन्ही. समोर प्रशिक्षक अंतोनियो हबास, जे २०२१ च्या अंतिम सामन्यातही समोर होते. त्या सामन्याची एक गंमत सांगते. तेव्हा तिरी मोहन बागानकडून खेळत होता आणि आमचा बरोबरीचा गोल त्याच्याच डोक्याला लागून आत गेला होता. मग नव्वदाव्या मिनिटाला बिपिनने कप आणला. आता तिरी आमच्या बचावात उभा!

४४ व्या मिनिटाला तुमच्या त्या कमिंग्जने पुन्हा गोल केला. मध्यंतराला विलास चहा करायला उठला, मी गप्प. ५३ व्या मिनिटाला डियाझ, १-१. ८१ व्या मिनिटाला गोलसमोर गोंधळ झाला आणि त्यातून बिपिनने चेंडू आत ढकलला. मणिपूरच्या या मुलाला मोहन बागान दिसलं आणि अंतिम सामना असला की काय होतं कोण जाणे. शेवटी जादा वेळेच्या सातव्या मिनिटाला स्लोव्हाकियाच्या याकुब व्होयतुशने तिसरा मारला. ३-१. टीव्हीवर साठ हजार माणसांचा आवाज एखाद्याने बटण दाबून बंद करावा तसा बंद झाला आणि कोपऱ्यातले आपले मूठभर निळे तेवढे नाचताना दिसले. भेकेने कप उचलला. ईशा रडली, जोशीकाकांनी दार वाजवलं, पुढचं फोटोत आहेच.

त्यातून यंदा मुंबई इंडियन्स आयपीएलमध्ये थेट तळाला. त्यामुळे क्रिकेटवाल्यांनाही मिरवायला काहीतरी हवं होतं. नाक्यावरच्या वडापाववाल्याने मला विचारलं, "ताई, ते फुटबॉलवाले आपलेच ना?" आपलेच म्हटलं. मालक मँचेस्टरचे, प्रशिक्षक चेक, गोल करणारे मिझोराम, मणिपूर आणि अर्जेंटिनाचे, कप जिंकला कोलकात्यात, पण आपलेच. तुझ्या आजोळी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालीम भिडतात तेव्हा हा प्रश्न कुणाला पडत नाही, पेठच मैदानात उतरलेली असते. इथे तो विचारावा लागतो आणि उत्तर दरवर्षी नव्याने द्यावं लागतं. यंदा ते देणं सोपं गेलं एवढंच.

तरीही विचारशील तर मी शील्डच घेतली असती. एक गुण गं! कोचीला एक बरोबरी झाली असती तरी चाललं असतं. ईशा म्हणते मी जन्माची कुरकुरी आहे.

परवा भारताचा कर्णधार सुनील छेत्रीने निवृत्ती जाहीर केली ते वाचलंस का? ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध शेवटचा सामना. मला २०१८ चा जून आठवला. अंधेरीत भारताने तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीची हॅट्‌ट्रिक, आणि स्टँडमध्ये अडीच हजार माणसं. त्याने व्हिडिओ काढून हात जोडले, शिव्या द्या पण मैदानात येऊन द्या म्हणाला. दोन दिवसांनी केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना, वरून धो धो पाऊस आणि मैदान खच्चून भरलेलं. आम्ही छत्र्या बंद करून भिजत बसलो होतो, कारण उघडली की मागचे ओरडायचे. त्याने दोन गोल केले. त्या पावसात माझी चांगली चामड्याची पर्स गेली ती गेलीच.

तुमच्या मेलबर्न सिटीचं कळलं. व्हिक्टरीकडून आणि तेही पेनल्टीवर, आमच्या फायनलच्या दुसऱ्याच दिवशी. मी मुद्दामच फोन केला नाही. कांगारूचा स्टिकर माझ्याकडेही आहे, पण मी तशी नाही.

ओंकारचा गुडघा कसा आहे? घाईने खेळायला सोडू नकोस. डिसेंबरात येणार असशील तर तारखा आधी कळव, लीगचं वेळापत्रक आलं की त्यातला घरचा सामना बघून तिकिटं काढते. अविनाशना नमस्कार, ओंकारला पापा.

तुझी,
विद्या

ता. क. बकिंगहॅमचं सांगायचं राहिलंच. काल रात्री वेम्बलीवर त्याच्या ऑक्सफर्डने बोल्टनला २-० हरवलं आणि पंचवीस वर्षांनी वरच्या विभागात गेले. ईशाने सामना शेवटपर्यंत बघितला, म्हणजे राग गेला असावा. आणि हो, तुमच्या मेलबर्न सिटीत सध्या दुय्यम प्रशिक्षक कोण आहे, ते जरा बघून ठेव. स्वभावाने कसा आहे तेही कळव.